पहिला तास शेजाऱ्यांचा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात फिजिशियन व पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. पंचवीस वर्षं एकत्र नांदणं सोपं नाही. दोन सख्खे भाऊ एका घरात पंचवीस वर्षं गुण्यागोविंदाने राहिले तर आपण त्यांचं उदाहरण देतो. तुम्ही तर इतकी बिऱ्हाडं पाण्याची टाकी, पार्किंग आणि गणपतीची वर्गणी हे तिन्ही नाजूक विषय सांभाळून एकत्र राहिलात.

सेक्रेटरींनी मला फोनवर सांगितलं, "डॉक्टर, आरोग्यावर काहीतरी बोला, वीसेक मिनिटं." आता डॉक्टर बोलायला उभा राहिला की मंडळी काय समजतात ते मला ठाऊक आहे. हा सांगणार मीठ कमी करा, तेल कमी करा, रोज चाला. आणि नंतर आपण सगळे खाली जाऊन बटाटेवडे खाणार. ते सगळं तुम्हाला पाठ आहे, म्हणून मी ते सांगत नाही. मी आज माझं काम सांगतो. रात्री-अपरात्री हॉस्पिटलात काय चालतं, आणि त्यात तुमच्या सोसायटीचा काय संबंध येतो, एवढाच माझा विषय.

माझं काम दोन प्रकारचं आहे. एक, अचानक आजारी पडून आलेल्या माणसाला सांभाळणं. विलायतेत याची 'अ‍ॅक्यूट मेडिसिन' म्हणून वेगळी शाखाच आहे. पेशंट दाखल झाल्यापासूनचे पहिले दोन-तीन दिवस त्या डॉक्टरांच्या ताब्यात असतात. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी इतकी वाटणी कुठली असायला? जो फिजिशियन हजर असेल त्याने ताप, दमा, झटका, विषबाधा, साप, विंचू सगळं बघायचं. दुसरं काम पोटविकारांचं. अन्ननलिका, जठर, आतडी, यकृत, स्वादुपिंड हा माझा प्रांत. ही दोन कामं वेगळी वाटतात, पण रात्री बारानंतर येणाऱ्यांतले पुष्कळ जण पोटावर हात ठेवूनच येतात, त्यामुळे ती एकाच खाटेवर भेटतात.

पेशंट कॅज्युअल्टीत आला की आम्ही आधी श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध आणि रक्तातली साखर बघतो. हे दोन-चार मिनिटांत होतं. मग मी पहिला प्रश्न विचारतो, "कधीपासून होतंय?" आणि उत्तर येतं, "तसं काल संध्याकाळपासूनच जरा बरं नव्हतं." या 'जरा' शब्दात कधी सहा तास असतात, कधी बारा. मी पुढे विचारतो, "मग रात्रीच का नाही आणलंत?" त्यावर उत्तर ठरलेलं असतं. "म्हटलं, एवढ्या रात्री उगाच कोणाला कशाला त्रास?"

हे वाक्य सज्जन माणसाचं आहे. कोकणी माणूस स्वतःच्या दुखण्यासाठी दुसऱ्याला उठवायला लाजतो. पण मला विचाराल तर माझ्या कामातला सर्वांत मोठा शत्रू हाच संकोच आहे. औषधं सुधारली, मशीन आली, रस्तेही थोडेफार सुधारले. पण घरातून निघायलाच सहा तास लागले तर आमच्या हातात उरतं ते उरलंसुरलं. ते कसं, ते चार दुखण्यांवरून सांगतो.

पहिलं दुखणं, 'गॅस'. मराठी माणसाला काहीही झालं की आधी गॅस होतो. छातीत भरून आलं, गॅस. खांदा दुखला, गॅस धरलाय. मग ओवा, हिंग, सोडा, लिंबू, आणि शेजारच्यांनी दिलेली एक गोळी. दहा वेळा तो खरंच गॅस असतो, हे मीही मान्य करतो. पण हृदय आणि जठर शेजारी-शेजारी आहेत, मध्ये फक्त एक पडदा. हृदयाच्या खालच्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली की कळ पोटाच्या वरच्या भागात येते, मळमळतं, उलटी होते. मधुमेही माणसाला आणि बायकांना तर पुष्कळदा छातीत कळ येतच नाही. नुसता घाम, धाप आणि गळून गेल्यासारखं वाटतं.

मग ओळखायचं कसं? घरी ओळखायचं नाहीच. पोटविकाराचा डॉक्टर असून मी सांगतो, नुसतं पोट चाचपून हा फरक मलाही खात्रीने सांगता येत नाही. त्याला ईसीजी लागतो, आणि तो पेशंट आल्यापासून दहा मिनिटांत काढायचा असा नियम आहे. कधी पहिला ईसीजी ठीक येतो आणि थोड्या वेळाने काढलेल्यात बदल दिसतो, म्हणून थांबवून ठेवावं लागतं. चाळिशीच्या पुढचा माणूस, बेंबीच्या वर कुठेही दुखणं, आणि सोबत घाम किंवा धाप, एवढं जमलं की ओव्याची बरणी उघडू नका, गाडी काढा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या काही तासांत जितकं लवकर पडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. पुढच्या उपचारासाठी कोल्हापूरला जायचं ठरलं तर इथून आंबा घाट चढून सुमारे १३० किलोमीटर आहे. आधीचे सहा तास घरात गेलेले असतील, तर घाटातला वेळ फार महाग पडतो.

तीच गोष्ट अर्धांगाची. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांची मुदत असते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो. मुदत हॉस्पिटलात पोचल्यापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथपासून मोजतात. म्हणून ज्याने त्याला शेवटचं नीट बोलताना पाहिलं, त्याने सोबत यावं.

दुसरं दुखणं, पोटातला रक्तस्राव. पेशंट येतो तो म्हणतो, "चक्कर आली." खोदून विचारलं की दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. कोणी लाजेने सांगत नाही, कोणी बघतच नाही. लोहाच्या गोळ्या चालू असतील तरीही काळं होतं, त्याला घाबरू नका. पण चिकट, दुर्गंधी आणि डांबरासारखं असेल तर ते वरच्या आतड्यातलं रक्त समजा. आपल्याकडे याचं एक नेहमीचं कारण म्हणजे गुडघ्यांसाठी स्वतःच्या मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. गुडघे थांबतात आणि जठर फाटतं.

दुसरं कारण एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी. पूर्वी अल्सर म्हणजे काळजी आणि तिखट यांचं फळ मानायचे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरने १९८४ साली या जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं आणि त्यांच्या जठराला सूज आली. मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. त्यामुळे पूर्वी ज्या अल्सरचं ऑपरेशन व्हायचं, तो आज बऱ्याचदा दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

तिसरं कारण मी जरा हळू आवाजात सांगतो, कारण समोर वहिनी बसल्या आहेत. दारूने यकृत कडक झालं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. मग भडभडून रक्ताची उलटी होते. अशा वेळी आम्ही तोंडातून दुर्बीण घालतो आणि फुगलेल्या शिरेला रबराचं कडं बसवतो. ही लवचीक दुर्बीण निघाली ती काचेच्या बारीक तंतूंमुळे. आपल्या पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानींनी लंडनमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ साली त्यावर निबंध लिहिला, आणि तो वाचून बेसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत १९५७ साली अशी दुर्बीण प्रत्यक्ष वापरून दाखवली. दुसऱ्या कोणाच्या पोटात घालण्याआधी ती त्यांनी स्वतःच्या घशाखाली घातली होती. "डॉक्टर, दुर्बीण नको, फार त्रास होतो" म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो.

आणि एक. ज्याला अर्ध्या रात्री छातीत दुखतंय त्याला लगेच अ‍ॅस्पिरिन द्या, असं मोबाइलवर फिरत असतं. ती गोळी हृदयाच्या झटक्यात उपयोगी आहेच. पण तेच दुखणं वाहत्या अल्सरचं असेल तर त्याच गोळीने रक्त वाढेल. म्हणून आधी डॉक्टरांना फोन, मग गोळी.

तिसरं दुखणं, जुलाब-उलट्या. हे अगदी घरगुती आहे आणि यातली सर्वांत मोठी गोष्ट आपल्याच देशात घडली. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या आणि त्या लावणारी माणसंही अपुरी. तिथे डॉ. दिलीप महालनबीस होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरून ठेवली आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. पाजत राहा, म्हणाले. मृत्यूचं प्रमाण शंभरात ३० च्या आसपास होतं ते ४ च्या खाली आलं. त्यांच्या निधनानंतर २०२३ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं.

यामागचं शास्त्र साधं आहे. आतड्याला जुलाबातही साखर शोषता येते, आणि साखर आत जाताना मिठाला बरोबर घेऊन जाते, मिठामागून पाणी जातं. नुसतं पाणी किंवा नुसती साखर असेल तर काम होत नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, बरं का. आणि आपल्या आज्या आजाऱ्याला मीठ घातलेली भाताची पेज देत आल्या, तीही शास्त्राला धरूनच आहे, कारण भाताचा स्टार्च आतड्यात गेल्यावर ग्लुकोजच होतो. रंगीत बाटलीतलं थंड पेय हे काम करत नाही, त्यात साखर भरमसाट असते.

पण मला ही गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगायची आहे. त्या छावणीत माणसं वाचली ती शेजारी बसलेल्या माणसाने रात्रभर पाजत राहिल्यामुळे. डॉक्टरने काय पाजायचं ते सांगितलं, पाजलं आईने, भावाने, शेजारणीने.

चौथं दुखणं आपल्या लाल मातीचं. विंचू आणि साप. जांभ्याच्या गडग्यात, चिऱ्यांच्या ढिगात, गवताच्या भाऱ्यात ही मंडळी राहतात. शहरातही घराच्या मागे चिरे रचलेले असतात. आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातली गोष्ट आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसं, बहुधा पोरं, तिथे यायची. सुरुवातीला नुसता घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरून माणूस जायचा. गंभीर झालेल्यांत शंभरात जवळजवळ ४० दगावत.

या डॉक्टरांनी काय केलं? ते पेशंटच्या उशाशी बसले. तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवला. विंचवाच्या विषाने शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर ताण येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. १९८६ साली हे काम लंडनच्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आलं. पुढे मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात झालेलं काम आज जगभर वापरलं जातं. पण त्यातही अट वेळेचीच आहे. ती गोळी लवकर, जवळच्या केंद्रात मिळाली तर फायदा. आधी उतारा, मग मांत्रिक, मग दवाखाना असा क्रम लागला तर गोळीही काही करू शकत नाही.

सापाचंही तसंच. आपल्या रत्नागिरीत फुरशांचा सुळसुळाट जुना आहे. इंग्रजांच्या काळात फुरसं मारून आणणाऱ्याला इथे बक्षीस देत असत. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायची आमची चाचणी ऐकाल तर हसाल. काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग नळी कलती करून बघायचं. गोठलं नाही तर विष भिनलंय. यासाठी लाखाचं मशीन लागत नाही. साप चावला तर दोरी आवळू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने ओढू नका. सापाला मारून पिशवीत घालून तर मुळीच आणू नका, आमच्या नर्सबाईंवर दया करा. हातपाय न हलवता माणसाला न्या. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं.

आता औषधांविषयी थोडं. कावीळ झाली की आपल्याकडे माळ घालतात, पाला देतात, "उतरवून" आणतात. दूषित पाण्याची कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते, आणि श्रेय माळेला जातं. माळेचं मी काही म्हणत नाही. पण काविळीचा पेशंट गुंगायला लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर यकृत थकलं आहे असं समजून त्याच दिवशी आणा. आणि पोटात काय काय गेलंय ते सगळं सांगा, झाडपाल्यासकट. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या मुंबईतल्या ६ रुग्णांचा अहवाल तिथल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केला होता. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, तो वाद तज्ज्ञांचा आहे. आपल्यापुरता मुद्दा इतकाच की 'नैसर्गिक आहे, ते काय सांगायचं' असं म्हणून लपवू नका. तुम्हाला ओरडण्यासाठी आम्ही विचारत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ही सगळी दुखणी सांगितली ती एकाच कारणासाठी. प्रत्येकात पहिला तास महत्त्वाचा आहे आणि त्या तासात मी नसतो. आमची नर्सही नसते. त्या तासात असता तुम्ही, शेजारी.

पंचवीस वर्षांपूर्वी ही इमारत उभी राहिली तेव्हा इथे राहायला आलेली जोडपी चाळिशीत होती. जिन्यावर पोरं धावायची. आज ती जोडपी पासष्टीच्या घरात आहेत आणि पोरं पुण्यात, ठाण्यात, दुबईत, अमेरिकेत. इमारतीबरोबर माणसंही पंचवीस वर्षांनी मोठी झाली. कितीतरी दारांमागे आज दोघंच आहेत, काही दारांमागे एकटंच कोणी. मुलगा अमेरिकेतून रोज व्हिडिओ कॉल करतो. त्याला आईचा चेहरा दिसतो, पण आईचा घाम पुसता येत नाही. तो समोरच्या दारातल्या वहिनींनाच पुसावा लागतो.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त मी तुमच्याकडे काही मागणी करतो. मी इथला सभासद नाही, त्यामुळे माझ्यावर कोणी मेंटेनन्स बाकी असल्याचा आरोप करू शकणार नाही. मोकळेपणाने बोलतो.

पहिली गोष्ट, एक कागद. प्रत्येक घरात फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. त्यावर नाव, वय, जुने आजार, चालू गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचं नाव, मुलांचे फोन. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लाल शाईने लिहा. रात्री तीन वाजता शेजारी पेशंटला घेऊन येतात आणि म्हणतात, "त्या एक छोटी पांढरी गोळी घेतात." अहो, निम्म्या गोळ्या छोट्या आणि पांढऱ्याच असतात. विम्याचं कार्ड, आयुष्मान कार्ड, आधार यांच्या प्रती त्याच कागदामागे ठेवा.

दुसरी गोष्ट, किल्ली. एकट्या राहणाऱ्या माणसाची एक जादा किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे हवी. आणि रात्री आतून वरची कडी लावू नका, नाहीतर किल्ली असूनही दार फोडावं लागतं. बाथरूमची कडी तर साठीनंतर लावूच नये.

तिसरी गोष्ट, जिना. हृदयाचा झटका आलेल्या माणसाला "हळूहळू उतरा, आम्ही धरतो" म्हणून तीन मजले चालवत आणतात. प्रत्येक पायरीला त्याच्या हृदयावर ताण पडतो. वळणाच्या अरुंद जिन्यात स्ट्रेचर फिरत नाही. मग काय करायचं? या हॉलमधली हातांची मजबूत खुर्ची घ्या. माणसाला बसवा, चादरीने बांधा, एकाने पाठीमागून आणि दोघांनी पुढून धरा. एकदा रिकामी खुर्ची आणि नंतर एखादा धडधाकट पोरगा बसवून सराव करून बघा. त्या निमित्ताने जिन्यात ठेवलेल्या सायकली, कुंड्या आणि चपलांची कपाटंही हलतील.

लिफ्टचा विषय तुमच्या सभेत आहे, असं माझ्या कानावर आलं. तळमजल्यावरच्यांनी खर्च का द्यायचा, हा प्रश्न रास्त आहे, आणि हिशेब कसा करायचा तो तुमचा तुम्ही ठरवा. मी फक्त हॉस्पिटलात दिसतं ते सांगतो. वरच्या मजल्यावरची वयस्क माणसं जिन्याच्या भीतीने तपासणीला येणं पुढे ढकलतात. आणि मग येतात ती चालत नव्हे, खुर्चीतून.

चौथी गोष्ट, गेट आणि गाडी. रात्री गेटसमोर गाडी लावू नका. १०८ ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ सालापासून आहे, नंबर पोरांनाही पाठ हवा. फोन करताना मारुती मंदिरापासून किंवा एखाद्या ठळक खुणेपासून पत्ता सांगा आणि एकाला टॉर्च घेऊन रस्त्यावर उभं करा. वॉचमनला कोणाला उठवायचं त्या पाच नावांची यादी द्या. रात्री गाडी काढायला जे तयार आहेत त्यांनी आपणहून नावं द्यावीत. आणि ज्यांना मदत लागेल त्यांना मी सांगतो, त्या माणसाने नाव दिलंय म्हणजे त्याने तुम्हाला उठवायची परवानगी आधीच दिलेली आहे. आता संकोच कसला?

पाचवी गोष्ट तरुणांसाठी. कोणी कोसळला, हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येताहेत, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत. आलटून पालटून करा, कारण दोन मिनिटांत दमायला होतं. हे ऐकून येत नाही, हाताने शिकावं लागतं. एका रविवारी बाहुली घेऊन मी स्वतः येतो, फी म्हणून आंबोळी आणि चहा चालेल.

शेवटचा मुद्दा जरा जड आहे, पण सणाच्या दिवशीही बोलायला हवा. सगळेच पेशंट बरे होत नाहीत. कधी वय झालेलं असतं, आजार फार पुढे गेलेला असतो, आणि नळ्या लावून आम्ही फक्त दिवस वाढवणार असतो. त्या वेळी मी बाहेर येतो तेव्हा समोर कोण असतं? समोरच्या दारातले काका. ते म्हणतात, "डॉक्टर, मी कोण ठरवणार? मुलगा विमानात आहे." एक मुलगी म्हणते सगळं करा, दुसरा भाऊ म्हणतो त्रास देऊ नका, आणि ज्याचं आयुष्य आहे त्याला कोणी कधी विचारलेलंच नसतं. "आईला सांगू नका हं," असं मला दारातच बजावतात, आणि आत गेलो की आई हळूच विचारते, "डॉक्टर, पोरांना सांगू नका, पण मी वाचत नाही ना?" दोघंही एकमेकांना जपत असतात आणि दोघंही एकटे पडतात.

म्हणून हात जोडून सांगतो. गणपतीला, मे महिन्याला मुलं घरी येतात तेव्हा आंबे-फणस खाऊन झाल्यावर एक दुपार यासाठी काढा. मला काय हवं, काय नको, कोणी ठरवायचं, पैसे कुठे आहेत, हे सांगून टाका. बोलल्याने मरण लवकर येत नाही. माझ्या अनुभवात, बोलून झालेल्या घरातली माणसं हॉस्पिटलच्या बाकड्यावर एकमेकांशी भांडत नाहीत.

माझं काम तुम्ही पेशंट माझ्या दारात आणता तिथे सुरू होतं. त्याच्या आधीचं काम तुमचं. तुम्ही ते पंचवीस वर्षं करत आला आहातच. कोणाच्या घरी पोचवलेलं डब्यातलं जेवण, पावसाळ्यात लाइट गेल्यावर दिलेली मेणबत्ती, परीक्षेला सोडलेलं शेजारचं पोर, हे सगळं त्याच कामातलं आहे. फक्त रात्री दोन वाजताही दार वाजवायला कोणी लाजू नये, एवढी व्यवस्था या वर्षात करा.

सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत आणि खालून वड्यांचा वास येतोय. एक खाल्ला तर डॉक्टर काही म्हणणार नाही. तुमच्या सोसायटीचा सुवर्णमहोत्सवही याच अंगणात, याच माणसांसह होवो, ही रत्नागिरीच्या भैरीबुवाचरणी प्रार्थना करतो आणि थांबतो.